भोर-वेल्ह्याची गाडी

पुणे जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला भोर आणि त्याला लागून वेल्हे असे दोन डोंगरी तालुके आहेत. तोरणा, राजगड, रोहिडा हे किल्ले इथले. इतिहासाच्या पुस्तकात या मुलखाचे नाव आले की ते या किल्ल्यांपाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. इथे रेल्वे कधी आली नाही. पुण्याहून मिरजेकडे जाणारी गाडी जेजुरी, नीरा, लोणंद असा पूर्वेकडून वळसा घेते. भोरच्या माणसाला तिची शिट्टीही ऐकू येत नाही. तेव्हा ज्याच्या दारात स्वतःचे वाहन नाही त्याला दवाखाना, कोर्ट, कॉलेज, लेकीचे सासर किंवा नात्यातली मय्यत गाठायची तर एकच साधन: पूर्वी सर्व्हिस मोटार आणि १९४८ नंतर एसटी. या भागातल्या सामान्य माणसाचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास एसटीच्या वेळापत्रकावरून लिहावा लागेल असे माझे मत आहे. इथल्या मुसलमानांचा तर विशेषच. त्याचे कारण पुढे येईल.

भोर हे पंतसचिवांचे संस्थान. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण सचिव झाले, त्यांच्या घराण्याकडे हा मुलूख राहिला. संस्थानातल्या तालुक्यांना किल्ल्यांची नावे होती. विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा, शिवाय राजगड. आणि घाटाखाली पालीच्या बाजूला सुधागड. डोंगराच्या वर आणि डोंगराच्या खाली पसरलेला असा कारभार चालवायचा तर घाटवाटा हव्यातच. पण वाट असणे वेगळे आणि वाहन असणे वेगळे. बैल, तट्टू आणि माणसाचे खांदे यांच्यावरच इथली वाहतूक चालत असे. पुढे पुणे-सातारा रस्त्यावर कात्रजचा घाट ओलांडून मोटारी धावू लागल्या आणि कापूरहोळच्या फाट्याला उतरून भोरकडे वळता येऊ लागले. वेल्ह्याला वळायचे तर त्याच्या अलीकडे, नसरापूरजवळ चेलाडीच्या फाट्यावर. हे दोन फाटे भोर-वेल्ह्याच्या माणसाने आयुष्यात किती वेळा पाहिले असतील याचा हिशोब नाही.

एसटीपूर्वीच्या सर्व्हिस मोटारी खासगी मालकांच्या असत. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवाना पद्धत बसवली, तरी मोटार सुटायची ती भरल्यावर. वेळ मालकाच्या मर्जीची, कुणाला घ्यायचे आणि कुणाला नाही हेही त्याच्याच मर्जीवर. महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा कोळशाच्या गॅसवर मोटारी चालवल्या गेल्या. चढ आला की मुसाफिरांनी उतरून धक्का मारायचा. म्हाताऱ्या माणसांकडून असे किस्से ऐकताना हसू येते. पण मालकाच्या मर्जीची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

भोरहून वरंधा घाट उतरला की महाड येते. १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद ठरली तेव्हा जागा कुणी देईना. ती फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाने दिली. ही हकिगत आपल्या वाचकांना ठाऊक आहे आणि आपल्या संमेलनांतून ती सांगितलीही जाते. तिच्याच शेजारची एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. त्या परिषदेला मुंबईहून निघालेली मंडळी ‘पद्मावती’ बोटीने दासगावला उतरली. धरमतरच्या बाजूने येऊन पुढे मोटारीने महाड गाठण्याची वाट होती. परंतु मोटारमालकांनी बहिष्कार टाकलाच तर पुढे काय? दासगावहून महाड पाच मैल. तेवढे पायी चालून जाता आले असते. म्हणजे देशातल्या एका मोठ्या सामाजिक लढ्याचा मार्ग आखताना मोटारवाला आपल्याला बसू देईल की नाही हा प्रश्न आधी सोडवावा लागला. पुढे १९२९ मध्ये चाळीसगावला टांगेवाल्यांनी बाबासाहेबांचा टांगा हाकायला नकार दिला. ज्याला टांगा हाकता येत नव्हता अशा माणसाने तो हाकला, आणि बाबासाहेब पुलावर फेकले जाऊन जखमी झाले. टांगे आणि मोटारींच्या धंद्यात आपली माणसे पूर्वीपासून आहेत. कोणत्या गावी कोण कसा वागला याचा तपास आपणही केला पाहिजे. फत्तेखानांचे नाव घ्यायचे आणि बाकीच्यांविषयी गप्प बसायचे, हे इतिहासलेखन नव्हे.

अमेरिकेत माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या काळ्या स्त्रीने बसमधली जागा गोऱ्या माणसाला सोडून देण्याचे नाकारले, ते १ डिसेंबर १९५५ रोजी. त्यानंतर तिथल्या काळ्या लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला. तिथे बस होती, तिकीट होते, जागा नव्हती. आपल्याकडे बसच खासगी मालकाची होती.

८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत तोच, १ जून १९४८ रोजी, पुणे-अहमदनगर मार्गावर सरकारी एसटीची पहिली गाडी धावली. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. बाळासाहेब खेर यांचे सरकार होते आणि गृहखाते मोरारजी देसाईंकडे होते. १९५० मध्ये मार्ग परिवहन महामंडळांचा केंद्रीय कायदा झाला, महाराष्ट्र राज्य झाल्यावर महामंडळाचे नाव बदलले, पण लोकांनी ‘एसटी’ हे नाव सोडले नाही. राजा गेला आणि गाडी आली, हे दोन्ही भोरच्या माणसाने एकाच वर्षात पाहिले. यातले त्याच्या रोजच्या जगण्यात जास्त काय उतरले, हे विचारण्यासारखे आहे.

राष्ट्रीयीकरणाने ज्यांचे परवाने गेले त्यांचा धंदा बसला. छोट्या मालकांची घरे यात उघडी पडली. १९५६ मध्ये मोटार वाहन कायद्यात नवे प्रकरण घालून सरकारी वाहतुकीला खासगी मालकांवर कायद्याने अग्रक्रम दिला गेला. मोटारीच्या धंद्यात मालक थोडे, पण ड्रायव्हर, क्लीनर, मिस्त्री, टिनवाले, गादीवाले पुष्कळ. त्यांत मुसलमान बरेच. यांतले काहीजण एसटीत गेले. खाकी कपडे, महिन्याला पगार, आजारपणाची रजा आणि म्हातारपणी प्रॉव्हिडंट फंड! ज्या घरात आजवर रोजची कमाई रोज येत होती त्या घरात पहिल्यांदा पगाराची तारीख आली. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते ते बाहेरच राहिले. वाहकाला हिशोब लिहावा लागतो, वे-बिल भरावे लागते, आणि ते मराठीत. गॅरेजात हात कितीही चालत असला तरी खुर्चीवरच्या साहेबाला कागद लागतो. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात रेल्वेतल्या मुस्लिमांचे प्रमाण ४.५ टक्के निघाले तेव्हा आपल्याकडे पुष्कळ हळहळ झाली. पण गॅरेजमधला मुलगा आणि डेपोमधला मुलगा यांच्यामध्ये दहावीची एक सनद उभी असते, हे आपण घरात किती सांगितले?

आता मुक्कामी गाडीविषयी. खेड्यातल्या एसटीची खरी ओळख ही. संध्याकाळी डेपोतून निघालेली शेवटची गाडी डोंगराच्या पोटातल्या एखाद्या गावी जाऊन रात्रभर थांबते आणि पहाटे त्याच गावाची माणसे घेऊन परत फिरते. भोरहून पश्चिमेला निगुडघर, हिर्डोशीकडे जाणारा रस्ता किंवा वेल्ह्याच्या वाटेवरचे आंबवणे, मार्गासनी, विंझर ही नावे ज्याला माहीत आहेत त्याला मुक्कामी गाडीचे महत्त्व सांगायला नको. चालक-वाहक देवळात, शाळेच्या ओसरीवर नाहीतर गाडीतच झोपत. भाकरी-कालवण गावातल्या कुणाच्या तरी घरून जाई. रमजानात मुसलमान कंडक्टर मुक्कामाला असला की गावात एकच मुलाण्याचे घर असले तरी पहाटेचा चहा-भाकर त्याला तिथून मिळे, हे जुन्या माणसांच्या तोंडून मी ऐकले आहे. आणि ते घर नसलेल्या गावी शेजारच्या पाटलिणीने चूल लवकर पेटवल्याचेही. पहाटेच्या गाडीत दुधाच्या किटल्या चढत, आजारी माणूस चढे, कोर्टाची तारीख असलेला चढे. वर टपावर कोंबड्यांच्या डालग्या, भाजीची पोती आणि मन्याराची बांगड्यांची पेटी. बाजारच्या दिवशी अत्तार, तांबोळी, बागवान, मन्यार यांचे दुकानच त्या टपावर असे. लगेजच्या तिकिटावरून कंडक्टरशी हुज्जत ही ठरलेली.

धरणांनी हा प्रवास आणखी लांबवला. वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण १९२० च्या दशकात झाले. पुढच्या काळात पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी. पाणी खाली नीरेच्या कालव्यांना आणि पुण्याच्या नळांना गेले, आणि धरणाच्या पोटात राहिलेल्या गावांना पाण्याला वळसा घालून जाणारा रस्ता मिळाला. समोरच्या काठावरचे गाव डोळ्याला दिसते पण गाडीने जायला तास लागतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुणे बुडाले. त्याचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. भाटघरच्या फुगवट्याच्या टोकाला भुतोंड्याच्या बाजूच्या माणसाची गाडी चुकली तर त्याचा दिवस कसा जातो, हे कुणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही.

आता मुसलमानांविषयी ‘विशेषच’ असे म्हटले त्याचे कारण. भोर शहर सोडले तर या दोन तालुक्यांत मुस्लिम वस्ती विखुरलेली आहे. एका गावात दोन घरे, दुसऱ्यात चार, पुढच्यात एकही नाही. सच्चर समितीने दाखवून दिले की ज्या गावांत मुस्लिमांची संख्या मोठी तिथे पक्का रस्ता आणि बसथांबा यांची सोय कमी आढळते. आमच्याकडचे दुखणे उलट जातीचे आहे. गावाला थांबा आहे, पण त्या थांब्यावर उभे राहणारे मुस्लिम मूल एकटे आहे. त्याच्यासाठी गावात उर्दू शाळा निघू शकत नाही. उर्दू शिकायची तर पुणे गाठावे लागते. तिथे नातलगाकडे ठेवा नाहीतर रोज पन्नास-साठ किलोमीटर जा-ये करा. सकाळची गाडी पुण्यात शाळेच्या घंटेआधी पोचत असेल तर उर्दू, नाहीतर गावातली जिल्हा परिषदेची मराठी शाळा. किती घरांनी ही निवड विचार करून केली असेल? बहुतेक ठिकाणी ती वेळापत्रकाने केली. मी स्वतः उर्दू माध्यमात शिकवते, तरी हे मला कबूल करायला हवे की ग्रामीण मुसलमानांच्या मराठीवरच्या प्रभुत्वाला, आणि म्हणून या वार्षिकात लिहिणाऱ्या अनेक हातांना, एसटीच्या न आलेल्या गाडीचेही थोडे श्रेय आहे. भाषेच्या प्रश्नावर आपल्या सभांत अस्मितेची पुष्कळ भाषणे होतात. वक्त्यांनी एकदा डेपोतला वेळापत्रकाचा फळा वाचावा.

आणि या प्रवासाची भाषा तरी कुणाची? रस्ता, सामान, सवारी फारसी. मुक्काम, मजल, हमाल अरबी. फाटा, थांबा, खोळंबा मराठी. तिकीट, डेपो, कंडक्टर इंग्रजी. चालक, वाहक, आगार हे शब्द सरकारने पाट्यांवर लिहिले ते संस्कृत वळणाचे. स्वारगेटमधला स्वार म्हणजे फारसीतला सवारच, आणि गेट इंग्रजी. चाळीस सीटच्या गाडीत एवढ्या भाषा शेजारी शेजारी बसतात, आणि खिडकीवरून भांडण झाले तरी ते मराठीतच होते.

कात्रजचा घाट उतरून स्वारगेटला पोचले की गावची एसटी संपते आणि शहराची बस सुरू होते. पुण्यात १९४० च्या दशकात सिल्व्हर ज्युबिली मोटर्स या खासगी कंपनीच्या बस चालत. १९५० मध्ये महानगरपालिका झाली आणि पुणे म्युनिसिपल ट्रान्सपोर्ट म्हणजे पीएमटी उभी राहिली. २००७ मध्ये पिंपरी-चिंचवडची पीएमटी, म्हणजे पीसीएमटी, तिच्यात मिळून पीएमपीएमएल झाली. खेड्यातून आलेल्या माणसाला हे दोन विभाग म्हणजे दोन वेगळे देश वाटतात. एसटीवर गावाचे नाव असते, पीएमटीवर आकडा. एसटीत कंडक्टर विचारतो ‘कुठं जायचंय?’ आणि तुम्ही गावाचे नाव सांगता. पीएमटीत आधी तुम्हाला कळले पाहिजे की तुम्ही ज्या ठिकाणी निघालात त्याचा आकडा कोणता, गाडी जाणारी की येणारी, आणि थांबा रस्त्याच्या या बाजूला की त्या. मागच्या दाराने चढायचे, पुढच्याने उतरायचे. ससूनला निघालेली म्हातारी पुढच्या दाराशी चढायला उभी राहते आणि उतरणाऱ्यांचे धक्के खाते. तिला कुणी अडाणी म्हणू नये. तिच्या गावाची गाडी आकड्याने ओळखावी लागत नव्हती, एवढेच.

उर्दू माध्यमातल्या मुलाची गंमत आणखी वेगळी. त्याची अक्षरे उजवीकडून डावीकडे जातात, पण उर्दूतले आकडेही डावीकडून उजवीकडेच लिहायचे असतात. त्यामुळे गाडीचा नंबर त्याला लवकर कळतो, पण पाटीवरचे ‘मार्गे’ कळायला वेळ लागतो. त्या एका शब्दात सगळे रहस्य आहे. एकाच गावची गाडी तुमच्या थांब्यावरून जाणार की बाहेरून, ते ‘मार्गे’ या शब्दापुढे लिहिलेले असते. मराठीच्या तासाला मी गाडीच्या पाट्या फळ्यावर लिहून वाचायला लावते. निबंधापेक्षा मुले त्यात रमतात.

या रस्त्यावरचा एक थांबा वगळून पुढे जाता येणार नाही. कात्रजच्या पलीकडे खेड-शिवापूरला हजरत कमर अली दरवेश यांची दर्गा आहे. अकरा जणांनी एकेक बोट लावून, दरवेशांचे नाव घेत जड दगड उचलायचा, ही तिथली प्रसिद्ध रीत. श्रद्धेची चिकित्सा इथे करत नाही. परंतु तिथे उतरणाऱ्यांत हिंदू किती आणि मुसलमान किती, हे थांब्यावर उभे राहून सांगता येणार नाही. भोरच्या गाडीत बसलेली, दर्ग्याशी काही देणेघेणे नसलेली माणसेही गाडी तिथून जाताना छातीला हात लावतात.

चौपदरी महामार्ग झाला आणि या थांब्यांची कळा उतरली. उड्डाणपुलावरून लांब पल्ल्याची गाडी निघून जाते आणि फाट्यावरचा माणूस खाली सेवा रस्त्यावर हात दाखवत राहतो. ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ हे एसटीचेच एकेकाळचे आवाहन! ती जागा वडापने घेतली. जीपमध्ये पंधरा-सोळा माणसे, मागे लोंबकळणारी पोरे, भरल्याशिवाय न सुटणारी. १९४८ मध्ये जी मालकाची मर्जी गेली म्हणून लोक खूश झाले होते, ती चेलाडी आणि कापूरहोळच्या फाट्यावर परत आली. वडापवाल्यांतही आपले तरुण आहेत. कर्ज काढून घेतलेली जीप आहे, हप्ता आहे, पोलिसाची भीती आहे. त्याला दोष देऊन भागत नाही. पण त्याच्या जीपमध्ये विद्यार्थ्याचा पास चालत नाही, हेही खरे.

२०२१ च्या ऑक्टोबर अखेरीस विलीनीकरणाच्या मागणीसाठी एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. नव्वद हजारांच्या घरात कर्मचारी. त्यांचे पगार तुटपुंजे आणि तेही वेळेवर नाहीत, अशा हलाखीत काहींनी आत्महत्या केल्या. त्यांची बाजू न्याय्य होती असे मला वाटते. त्याच वेळी कोरोनानंतर शाळा नुकत्या उघडत होत्या आणि गाडी बंद होती. शहराची पीएमपी ग्रामीण भागात लांबवर धावू लागली. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये एसटीच्या सांगण्यावरून पीएमपीने काही ग्रामीण मार्ग बंद करण्याचा निर्णय घेतला. प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत भोर-वेल्ह्याचे काही भाग २०१५ पासूनच आले होते. घरांच्या जाहिरातींत हा भाग ‘पुणे’ झाला. बसच्या वेळी मात्र तो कुणाचा, यावर दोन कार्यालयांत पत्रव्यवहार चालला.

या सगळ्यात मुलींचे काय झाले हा माझ्यापुढचा खरा प्रश्न आहे. १९९६ च्या सुमारास अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास सुरू झाला. माझ्या मते गेल्या तीस वर्षांत मुस्लिम मुलींच्या शिक्षणाला आपल्या सर्व ठरावांनी मिळून जेवढी मदत केली त्याहून या एका पासाने जास्त केली. सातवीनंतर ‘आता कशाला पाठवायचे’ म्हणणाऱ्या अब्बांपुढे खर्चाचे कारण उरले नाही. गावातल्या इतर मुलीही त्याच गाडीने जातात, कंडक्टर ओळखीचा आहे, गाडी शाळेपाशी थांबते, एवढे सांगता आले की आई अर्धी तयार होई. १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना एसटीत निम्मे तिकीट झाले आणि आईही सोबत जाऊ लागली. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, त्यामुळे दादीही.

आणि मग २५ फेब्रुवारी २०२५ आली. स्वारगेट स्थानकात पहाटेच्या वेळी उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाला. ‘तुमची गाडी तिकडे लागली आहे’ असे खोटे सांगून तिला तिथे नेण्यात आले होते. पाटी वाचता येणाऱ्या, शिकलेल्या मुलीची ही गत. त्या आठवड्यात आमच्या शाळेतल्या पालकांच्या सभेला मी इतके बाप एकत्र आलेले पहिल्यांदा पाहिले. बहुतेकांचे म्हणणे एकच: मुलीला गाडीने पाठवायचे नाही. एकजण म्हणाले, “बाई, पास फुकट आहे, पोरगी फुकटची नाही.” यावर पटकन उत्तर सुचत नाही. स्थानकात दिवे हवेत, उभ्या गाड्यांची दारे बंद हवीत, रखवालदार जागा हवा, चौकशीच्या खिडकीत माणूस हवा. या मागण्या आम्ही शिक्षिकांनी लिहून दिल्या. पण त्याच्या दुसऱ्या बाजूला दहावीच्या उंबरठ्यावरची मुलगी होती आणि तिची परीक्षा चालू होती.

मागच्या बाकावर बसलेल्या एका आईने हात वर केला. तिचे माहेर वेल्ह्याकडचे. २०२४ मध्ये वेल्हे तालुक्याचे नाव सरकारने राजगड केले, तरी ती वेल्हेच म्हणते. ती म्हणाली, “आमच्या गावची मुक्कामी गाडी बंद पडली त्या साली माझी शाळा सुटली. आठवीत होते. आता गाडी आहे, आणि तुम्ही म्हणता पाठवू नका.” सभेत मग दोन-तीन घरांचे ठरले. सकाळच्या गाडीला एका घरची आई मुलींसोबत जाईल, दुपारी दुसऱ्या घरची आणायला येईल. आईला निम्मे तिकीट, मुलींना पास. कुणाचा वार कोणता, ते त्याच वेळी फळ्यावर लिहून घेतले. शनिवारचे नाव तेवढे लिहायचे राहिले होते. ते सोमवारी एका दादीने येऊन आपले लिहायला सांगितले.